सखू झालेला विठोबा आणि मोहिनी झालेला विष्णू : देव बाई होतो तेव्हा

भीमाकाठची (धागाकर्ती)

कराडच्या सखूची गोष्ट आपल्याकडे बहुतेकांनी आजीच्या तोंडून ऐकलेली असते. ती पंढरीच्या वाटेला लागली म्हणून सासरच्यांनी तिला धरून आणली आणि खांबाला बांधून घातली. मग विठोबा बाईच्या रूपात आला. त्याने तिचे दोर सोडले, तिला वारीला लावून दिलं आणि तिच्या जागी स्वतःला बांधून घेतलं. दोर सुटल्यावरही तो सखू म्हणूनच त्या घरात राहिला. दळण, पाणी, स्वयंपाक, सासूची बोलणी, सगळं त्याने केलं आणि सोसलं. इकडे सखूने पंढरपुरात देह ठेवला, तेव्हा रखुमाईपुढे पेच पडला. सखू परत गेली नाही तर आपला नवरा जन्मभर कराडात सून होऊन राहणार. म्हणून रखुमाईने सखूला पुन्हा उठवली आणि घरी धाडली.

देवांच्या स्त्रीरूपाच्या जेवढ्या कथा मी वाचल्या, त्यांत ही मला सगळ्यांत मोठी वाटते. असं का वाटतं ते मांडायला हा धागा काढतेय.

देव बाई होतो म्हटलं की सगळ्यांना आधी मोहिनी आठवते. समुद्रमंथनातलं अमृत असुरांच्या हाती गेलं, विष्णूने स्त्रीरूप घेतलं, असुर भुलले, अमृत देवांना मिळालं. भस्मासुराच्या कथेतही तेच. नाचता नाचता त्याचाच हात त्याच्या डोक्यावर ठेवायला लावला. या कथांत स्त्रीचं रूप हे हत्यार आहे. त्याला धार सौंदर्याची, आणि काम झालं की ते म्यान. मोहिनीला कुणी दळायला बसवत नाही, तिला सासू नाही, तिचे पाय दुखत नाहीत.

भीमेच्या काठावर मात्र देव बाई होतो तो राबायला. जनाबाईबरोबर तो जात्यावर बसतो, शेण्या वेचतो, तिची वेणीफणी करतो. तिच्याच अभंगातला लेकुरवाळा विठू बघा : निवृत्ती खांद्यावर, सोपानाचा हात धरलेला, बंका कडेवर, गोरा कुंभार मांडीवर, नामा करंगळीला. एवढा पसारा सांभाळत चालणारी आपल्या ओळखीची एकच व्यक्ती असते, आणि ती बाप नसते. नामदेवही ‘येई वो विठ्ठले माझे माउली ये’ म्हणून हाक मारतात, ती आरती आपण आजही रोज म्हणतो. कमरेवर हात ठेवलेला, मिशा नसलेला, सावळा देव. त्याला आई म्हणताना कुणा वारकऱ्याला कधी अडखळायला झालं नाही.

अर्धनारीश्वराची गोष्ट आणखी वेगळी. तिथे कुणी कुणाचं रूप घेतलेलं नाही, दोघं मुळातच एका देहात आहेत. घारापुरीच्या लेण्यात सहाव्या शतकातलं ते शिल्प ज्यांनी पाहिलंय त्यांना आठवत असेल. डावीकडचं अंग पार्वतीचं, उजवीकडचं शिवाचं, शिवाचा एक हात नंदीवर टेकलेला. बृहदारण्यक उपनिषदात तर सृष्टीच्या आरंभी एकटाच असलेला तो, मिठीत असलेल्या स्त्री-पुरुषांएवढा होता आणि मग त्याने स्वतःचे दोन भाग केले, असं येतं. ज्ञानेश्वरांनी अमृतानुभवाची सुरुवातच या दोघांना वंदन करून केली आहे. ‘दो ओठीं येकी गोष्टी, दो डोळां येकी दृष्टी’ ही ओवी तिथलीच.

तुमच्या घरात, गल्लीत, कुळात या कथा कशा सांगितल्या जातात? सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही घरं एकाच बोळात असतात, त्यामुळे मला इथूनच जास्त ऐकायला मिळेल अशी खात्री आहे. एक विनंती. देव रूप बदलतो, भक्त स्वतःला स्त्री मानतो आणि पुराणातल्या एखाद्या माणसाचं शरीर बदलतं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकात एक मिसळू नका.

---

सरळसोट

ताई, लेख आवडला, पण मुळावरच शंका आहे. मोहिनी हे सोंग आहे. सोंग घेतल्याने घेणारा बदलत नाही. विष्णू आत विष्णूच होता, हे कथाकाराला माहीत होतं आणि ऐकणाऱ्यालाही. सखूच्या गोष्टीतही विठोबाला आपण विठोबा आहोत हे ठाऊक आहे. अर्धनारी म्हणजे पुरुष आणि प्रकृती, ते तत्त्वाचं चित्र आहे. आज लिंगभावावर जी चर्चा चालते ती या कथांवर चिकटवली की दोन्हीचा विचका होतो. कथांना त्यांच्या काळात राहू द्या.

---

भीमाकाठची

सरळसोट, कथांना त्यांच्या काळात ठेवूनच बोलते. भागवताचा आठवा स्कंध काढा. अमृताची वाटणी संपल्यावर कथा थांबत नाही. बाराव्या अध्यायात शंकर पार्वतीला घेऊन विष्णूकडे येतात आणि ते रूप मला पुन्हा दाखव म्हणतात. म्हणजे मोहिनी कोण आहे हे त्यांना पुरतं माहीत आहे. तरी ती चेंडू खेळताना दिसली आणि महादेव भान हरपून तिच्यामागे धावले, पार्वतीच्या डोळ्यांदेखत. नुसतं सोंग असतं तर ते माहीत असलेल्यावर त्याचा अंमल चालला नसता. कथाकाराने सगळ्यांत मोठ्या योग्यालाच यासाठी निवडलंय. दक्षिणेत याच भेटीतून हरिहरपुत्र अय्यप्पाचा जन्म सांगतात. भागवतात मात्र मुलाचा उल्लेख नाही.

आणि सोंगच नको असेल तर नवव्या स्कंधातला सुद्युम्न घ्या. मनूच्या घरी मुलगा व्हावा म्हणून यज्ञ, पण राणीच्या मनात मुलगी, म्हणून इला जन्मली. वसिष्ठांनी तिचा सुद्युम्न केला. पुढे तो शिकारीला शंकराच्या वनात शिरला आणि पुन्हा स्त्री झाला. त्या देहाने तिने बुधाशी संसार केला आणि पुरूरव्याला जन्म दिला. कौरव, पांडव, यादव, खुद्द कृष्ण, सगळा चंद्रवंश या बाळंतपणातून पुढे आला. नंतर शंकराने तोड काढली : एक महिना पुरुष, एक महिना स्त्री. सुद्युम्न तसा राज्य करू लागला, पण प्रजेला ते रुचलं नाही, हे भागवतकाराने स्पष्ट लिहून ठेवलंय. मला तो अर्धा श्लोक फार महत्त्वाचा वाटतो. देवांनी मान्य केलेली गोष्ट लोकांनी मान्य केली नाही, याची नोंद पोथीतच आहे.

---

प्रवरा

माझं माहेर नेवासं, सासर सोलापूर. मोहिनी काम झालं की म्यान होते असं तुम्ही लिहिलंत, तिथे मी थांबले, कारण आमच्या नेवाशात ती म्यान झालेलीच नाही. तिथे मोहिनीराज म्हणून देऊळ आहे. देव विष्णू, पण मोहिनीच्या रूपातला, नाकात नथ. कितीतरी घरांचं ते कुलदैवत आहे. अमृताची पंगत तिथेच बसली, राहूचं डोकं राहुरीला पडलं आणि धड कायगावला, असं आमच्याकडे लहान पोरंसुद्धा सांगतात. ज्ञानेश्वरी याच गावात सांगितली गेली.

आणखी एक धागा जुळतो. खंडोबाची म्हाळसा नेवाशाच्या तिमशेट वाण्याची लेक. गोव्यात म्हार्दोळला जी म्हाळसा नारायणी आहे ती मात्र विष्णूचाच मोहिनी अवतार मानतात, आणि त्या देवीच्या अंगावर जानवं असतं. म्हणजे आपल्या सोलापूरजवळच्या बाळ्याच्या खंडोबाला चंपाषष्ठीला जाऊन आपण ज्या म्हाळसेला हळद वाहतो, तीच गोव्यात गेल्यावर विष्णू. आमच्या आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, मग त्यात काय, म्हाळसा मोठ्या घरची हे मला माहीतच होतं.

---

पूर्वभागकर

सकाळपासून वाचूलालोय, आता राहवेना म्हणून लिहितो. आम्ही पद्मशाली, म्हणजे विणकर समाजाचे, घरात तेलुगू, बाहेर मराठी. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तो तुम्ही सगळ्यांनी बघितला असेल. आमच्या घरातून तिरुपतीला ब्रह्मोत्सवाला जायची जुनी पद्धत आहे. त्या उत्सवात पाचव्या दिवशी सकाळी बालाजीला मोहिनी करतात. साडी, दागिने, पालखी, आणि त्याच रात्री गरुडवाहन, ज्याला सगळ्यांत जास्त गर्दी. सकाळी बाई म्हणून पाहिलेला देव रात्री गरुडावर बसतो. लाखो लोक दोन्हीला हात जोडतात आणि कुणालाही प्रश्न पडत नाही.

त्याहून भारी ठिकाण म्हणजे रयाली. राजमहेंद्रीजवळ, गोदावरीच्या फाट्यांमधे. एकाच काळ्या दगडाची उभी मूर्ती, पुढून केशव आणि मागून मोहिनी, पाठीवर केसांचा अंबाडासुद्धा कोरलेला. पुजारी मागे दिवा धरून दाखवतो. प्रदक्षिणा घातल्याशिवाय देव पुरता दिसतच नाही. प्रवराताई, तुमची नेवाशाची प्रवरा नदी गोदावरीलाच मिळते, म्हणजे दोन्ही देवळं एकाच पाण्यावरची झाली की.

सरळसोट मालक, तुम्ही सोंग म्हणता. रयालीत सोंग कुठली बाजू, पुढची का मागची?

---

शिवशरण

सोलापुरात बसून ही चर्चा चाललीय आणि अजून सिद्धरामेश्वरांचं नाव आलं नाही, म्हणून लिहितो. माझी मातृभाषा कन्नड आहे, वचनांचा, म्हणजे शिवभक्त शरणांच्या छोट्या गद्यकवितांचा, आशय मराठीत सांगतो.

बाराव्या शतकात हे गाव सोन्नलिगे होतं आणि सिद्धराम, म्हणजे आपले सिद्धेश्वर, इथले. त्यांच्या वचनांच्या शेवटी कपिलसिद्ध मल्लिकार्जुन ही मुद्रा, म्हणजे सहीसारखं येणारं देवाचं नाव, येते. त्यांचं एक वचन आमच्याकडे घराघरात म्हणतात. आशय असा : शिवाने स्वतःच निर्माण केलेली स्त्री त्याच्या डोक्यावर चढून बसली, त्याच्या मांडीवर बसली, ब्रह्मदेवाच्या जिभेवर बसली, नारायणाच्या छातीवर बसली. म्हणून स्त्री ही नुसती स्त्री नव्हे, राक्षसी तर नव्हेच. ती प्रत्यक्ष कपिलसिद्ध मल्लिकार्जुन. गंगा, पार्वती, सरस्वती, लक्ष्मी एकेका वाक्यात आल्या आणि शेवटी देव स्वतःच स्त्री म्हणून समोर उभा केला. तेही या गावात.

त्याच्याही आधीचे जेडर दासिमय्या. ते विणकर होते, पूर्वभागकर अण्णांना हे आवडेल. ते म्हणतात, स्तन आणि लांब केस दिसले की लोक बाई म्हणतात, दाढी-मिशा दिसल्या की पुरुष म्हणतात. पण या दोघांच्या मधे वावरणारा जो आत्मा, तो बाईही नाही आणि पुरुषही नाही, रामनाथा. सुमारे हजार वर्षांपूर्वी मागावर बसणाऱ्या माणसाने हे म्हटलंय.

बसवण्णा मंगळवेढ्यात नोकरीला होते, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात. त्यांच्या एका वचनात ते म्हणतात, मी पुरुषाचा वेश चढवलाय तो तुझ्यासाठी, कधी मी पुरुष असतो, कधी स्त्री. आमच्या तत्त्वज्ञानात यालाच शरणसती-लिंगपती म्हणतात. भक्त कुठल्याही देहाचा असो, तो सती, आणि लिंग हा पती. मिशीवाले जंगम, म्हणजे लिंगायतांचे गुरू, तेसुद्धा यात आले. भीमाकाठचीताईंच्या तीन प्रकारांतला हा दुसरा प्रकार.

---

सरळसोट

पूर्वभागकर, रयालीचा प्रश्न चोख आहे. एकच दगड असेल तर दोन्ही बाजू खऱ्या धराव्या लागतात, हे मला पटतं.

आता माझ्याकडूनही एक घ्या. दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग कुडल, भीमा-सीनेचा संगम. तिथे संगमेश्वराच्या देवळात शके ९४० म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे, म्हणून अभ्यासक येतात. बाकीचे बहुमुखी शिवलिंग बघायला येतात. तिथल्या दुसऱ्या देवळाचं नाव हरिहरेश्वर. हरिहराची मूर्ती भारतात कुठेही बघा, उजवं अंग शिवाचं आणि डावं विष्णूचं. अर्धनारीत तेच डावं अंग पार्वतीचं असतं. शिल्पकाराने विष्णूला बरोबर पत्नीच्या जागी उभं केलंय. मोहिनीचं वस्त्र नाही, नथ नाही, रूप पूर्ण पुरुषाचं, पण जागा शक्तीची. माझं म्हणणं तत्त्वाचं होतं आणि अजूनही आहे. मात्र हे तत्त्व स्त्री-पुरुष या जोडीपाशी थांबत नाही, हे कुडलच्या निमित्ताने बोलायला हवं.

---

कवडी

आमच्या घरी आईची, म्हणजे तुळजाभवानीची, परडी आहे. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणाऱ्यांत आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या आहे. या धाग्यात सगळं देवळांचं आणि पोथ्यांचं चाललंय, म्हणून रस्त्यावरचं लिहिते.

एकनाथ महाराज जोगवा मागतात तो आराधिणीच्या, म्हणजे देवीच्या भक्तिणीच्या तोंडून. ‘आईचा जोगवा मागेन’ म्हणणारा ब्राह्मण पुरुष आहे, हे म्हणताना कुणाच्या लक्षातही येत नाही. रोडग्याच्या भारुडात तर ते सासुरवाशीण होतात आणि भवानीकडे सासरा, सासू, नणंद सगळ्यांचा बंदोबस्त मागतात. ज्ञानेश्वर ‘घनु वाजे घुणघुणा’ म्हणत विरहिणी होतात. संतांना बाई व्हायला लाज वाटली नाही.

पोतराज आठवा. मरीआईचा भक्त, कमरेला खणांचे तुकडे जोडलेला घागरा, वाढवलेले केस, कपाळभर हळदकुंकू, हातात आसूड. देवीचा झालेला पुरुष बाईच्या वस्त्रात येतो. यल्लम्माचे जोगते तर पूर्ण साडीत असतात, डोक्यावर जग म्हणजे देवीची मूर्ती ठेवलेली टोपली, हातात चौंडकं हे वाद्य. उत्तर कर्नाटकात त्यांना जोगप्पा म्हणतात. सौंदत्तीच्या डोंगरावर आणि आपल्याकडच्या पौर्णिमेलाही ते दिसतात.

पण हे लिहून मला थांबता येत नाही. जोगत्यांकडे बघून आपली परंपरा किती उदार, असं कुणी म्हणायला लागलं की माझा जीव कळवळतो. केसात जट झाली म्हणून, घरात आजारपण आलं म्हणून, कळत्या वयाच्या आधी कितीतरी पोरं-पोरी देवीला सोडली गेली. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. देवदासी प्रथेविरुद्ध १९३४ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला, १९८२ ला कर्नाटकात झाला, आपल्याकडे २००५ ला नवा झाला. एवढे कायदे लागले यावरूनच ओळखा. ज्याला आतूनच आपण बाई आहोत असं वाटलं आणि देवीच्या दारात त्याला जागा मिळाली, त्याचं सुख खरं. आणि ज्याच्या गळ्यात लहानपणीच देवीला सोडल्याचे मोती बांधले, त्याचं दुःखही तितकंच खरं. दोघांच्या गळ्यात माळ सारखीच दिसते.

---

चंद्रकोर

कवडीताई, हे लिहिल्याबद्दल तुमचे पाय धरते. मी तृतीयपंथी आहे, सोलापुरातच वाढले.

धागा पूर्ण वाचला. माझं एक सांगणं आहे. मला जागा हवी ती इला होती म्हणून किंवा शिखंडी होता म्हणून नको. १५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांच्या हक्कांचा निकाल दिला तो संविधानाच्या आधारावर, समतेच्या आणि प्रतिष्ठेने जगण्याच्या हक्कावर. त्या निकालपत्रात पुराणांचे आणि तमिळनाडूतले तृतीयपंथी ज्याला वर मानतात त्या अरावानाचे उल्लेख आहेत, पण हक्क आला तो संविधानातून. उद्या कुणी पोथीतला दुसरा श्लोक काढून दाखवला तर माझा हक्क जायला नको.

तरीही या कथा मला हव्यात, आणि त्या माझ्या आईसाठी. तिला कलम कळत नाही, तिला सखू कळते. मी घरी सांगितलं तेव्हा ती बरेच दिवस बोलली नाही. पुढे एकदा हरिपाठानंतर शेजारणीला सांगताना मी ऐकलं, की विठोबा सून होऊन राहिला की कराडात, माझं लेकरू तर माझ्याच घरात आहे. त्यानंतर तिने मला मुलीच्या नावाने हाक मारली.

आता शिखंडीबद्दल. मालिकांत त्याला फक्त भीष्मांपुढची ढाल करतात. उद्योगपर्वातली गोष्ट कुणी सांगत नाही. अंबेचा पुनर्जन्म, मुलगी म्हणून जन्म, मुलगा म्हणून वाढवलं, लग्न लावलं, लग्नानंतर बोभाटा झाला आणि सासरा सैन्य घेऊन चालून येणार असं ठरलं. शिखंडिनी जीव द्यायला रानात गेली. तिथे स्थूणाकर्ण यक्ष भेटला आणि त्याने आपलं पुरुषत्व तिला काही काळासाठी दिलं. कुबेराने यक्षाला शाप दिला की शिखंडी जिवंत असेपर्यंत तू असाच राहा. जीव द्यायला रानात जाणं हा भाग महाभारतात आहे, हे वाचून मी पुस्तक मिटलं होतं. आमच्यातल्या कितीजणी त्या रानापर्यंत गेलेल्या आहेत. सगळ्यांना यक्ष भेटत नाही.

---

भीमाकाठची

चंद्रकोर, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. सखूची गोष्ट मला एवढी मोठी का वाटते, ते तिने माझ्या सगळ्या लेखापेक्षा नेमकं सांगितलंय. आणि हक्काचं तू म्हणतेस ते तसंच राहू दे. कथांनी माणसाचं मन वळतं, पण हक्क कथांवर टांगून ठेवता येत नाही.

कवडी, तुमचा प्रतिसाद मी वर मुख्य लेखाखाली जोडायला सांगितलाय.

---

मातीचीपाटी

इतिहास शिकतो, म्हणून थोडं बाहेरचं. प्राचीन सुमेरमधे इनन्ना नावाची देवी होती, प्रेमाची आणि युद्धाची. सार्गोन राजाची मुलगी एनहेदुआन्ना ही तिची स्तोत्रं रचणारी म्हणून ओळखली जाते, काळ साधारण इ. स. पूर्व तेविसावं शतक. तिच्या नावावरच्या एका स्तोत्रात पुरुषाला स्त्री आणि स्त्रीला पुरुष करणं हे इनन्नाचं सामर्थ्य म्हणून सांगितलंय. इनन्ना पाताळात अडकते तेव्हा एन्की देव आपल्या नखातल्या मळापासून दोन जीव घडवतो. ते बाईही नाहीत आणि पुरुषही नाहीत, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. तेच पाताळात शिरून तिला सोडवून आणतात. कवडीताईंनी जोगत्यांचं लिहिलं तेव्हा मला इनन्नाच्या देवळातले गाला पुजारी आठवले, ते स्त्रियांच्या बोलीत विलापगीतं गायचे.

इजिप्तमधे नाईलच्या पुराचा देव हापी. दाढी आहे, आणि स्तनही आहेत, कारण पूर म्हणजे पोसणारा. उत्तर युरोपात लोकी हा देव घोडी होतो आणि आठ पायांचं शिंगरू जन्माला घालतो. ते तेराव्या शतकात आइसलँडमधे लिहून ठेवलेलं आहे. चीनमधे तर अवलोकितेश्वर बोधिसत्त्व गेला आणि काही शतकांत करुणेची देवी क्वानयिन झाला. तिथे रूपांतर एका कथेत घडलेलं नाही, लोकांच्या भक्तीने हळूहळू घडवलंय.

ताईंच्या मुद्द्याशी जोडायचं तर हापी आणि क्वानयिन विठोबाच्या बाजूचे, पोसणारे आणि कळवळणारे. लोकी मोहिनीच्या बाजूचा, युक्तीसाठी बदलणारा. पण त्यालाही बाळंतपण चुकलं नाही.

---

प्रवरा

बाळंतपणावरून आठवलं. अनुशासनपर्वात भंगाश्वन राजाची गोष्ट आहे, भीष्म युधिष्ठिराला सांगतात. इंद्राच्या रागामुळे तो तळ्यात उतरताच स्त्री होतो. पुरुष म्हणून शंभर मुलगे झालेले, स्त्री म्हणून आणखी शंभर होतात. इंद्र त्यांच्यात भांडण लावतो, सगळे मरतात. मग इंद्र प्रसन्न होऊन विचारतो, कुठले शंभर जिवंत करू? ती म्हणते, मी आई म्हणून ज्यांना जन्म दिला ते. इंद्र सगळेच जिवंत करतो आणि विचारतो, आता पुन्हा पुरुष करू का? ती नको म्हणते. स्त्री म्हणूनच राहायचंय.

सुद्युम्नाला कुणी विचारलं नव्हतं, भंगाश्वनाला विचारलं. कवडीताई म्हणाल्या तो फरक इथेही आहे बघा.

---

होटगीरोडकर

नवीन सदस्य आहे. शिवशरण सरांना एक विचारायचंय. भक्त सती आणि लिंग पती, असं तुम्ही लिहिलंत. मग आपल्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत दरवर्षी सिद्धेश्वरांचं लग्न लागतं त्यात ते नवरदेव कसे? संमती कट्ट्यावर अक्षता टाकायला मी लहानपणापासून जातो, पण हा प्रश्न आज पहिल्यांदा पडला.

---

शिवशरण

प्रश्न अगदी बरोबर जागी लागलाय.

कथा अशी सांगतात. सिद्धरामांच्या अंगणात रोज सडा-रांगोळी करणारी एक कुंभारकन्या होती. तिने मनोमन त्यांनाच वरलं. ते योगी, त्यांनी स्वतःला आधीच मल्लिकार्जुनाला दिलेलं. संसार शक्य नव्हता, पण तिला झिडकारणंही त्यांना मान्य नव्हतं. म्हणून त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह करायला तिला संमती दिली. तोच सोहळा दर संक्रांतीच्या सुमारास होतो. सात नंदीध्वज म्हणजे उंच काठ्या, पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा आणि कट्ट्यावर अक्षता, हे सगळं त्या लग्नाचं.

म्हणजे कट्ट्यावर वर म्हणून उभा राहतो तो दंड. ज्याचा तो दंड आहे तो स्वतः लिंगासमोर सती आहे, आणि म्हणूनच तो कुणाचा पती होऊ शकत नव्हता. तुमचे दोन्ही प्रश्न एकाच उत्तरात बसतात. आमच्या घरातले वडीलधारे हे सांगताना कधी अडले नाहीत. पुढच्या वेळी अक्षतेला याल तेव्हा थोडं लवकर या, तळ्याच्या बाजूने उभं राहिलं की कट्टा नीट दिसतो.